तारकाजन्माचा चुंबकीय अडसर

चुंबकीय क्षेत्राचे मान ज्या सूक्ष्म परिमाणात मोजतात, त्या नॅनोटेस्लाचा हिशेब नवी मुंबईत एका ठिकाणी नित्य ठेवला जातो. नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, कळंबोलीच्या हमरस्त्यालगत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. आणि पृथ्वीच्या गर्भातून उगम पावून आपल्या घरांतून, रेल्वेच्या रुळांवरून, खाडीच्या पाण्यातून व आपल्या शरीरांतूनही अव्याहत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात क्षणोक्षणी जे फेरफार होतात ते टिपून त्यांचा अर्थ लावणे, हे या संस्थेचे आद्य कार्य आहे. आपल्या या किनारपट्टीवर ते क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक भरते. होकायंत्राची हलकी सुई उत्तरेकडे वळवावी, एवढीच त्याची ताकद. हेच परिमाण हाती घेऊन आपण आकाशातील त्या काळ्याभोर वायुमेघांकडे वळलो, की ज्यांच्या उदरात नवे तारे जन्मास येतात, तर तेथील क्षेत्र बहुधा एक-दोन नॅनोटेस्लांचेच, म्हणजे पनवेलमधील क्षेत्राच्या जेमतेम वीस-चाळीस हजारांश आढळते. असे असूनही, हजारो सूर्य घडावेत एवढे द्रव्य ज्या मेघांत साठलेले आहे, त्यांचे स्वतःच्या भाराखाली कोसळणे रोखून धरण्यात, निदान लांबणीवर टाकण्यात, या क्षीण क्षेत्राचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते. म्हणूनच ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

पनवेलच्या संस्थेकडे जो वारसा आला आहे, त्याचा उल्लेख येथे केल्यावाचून पुढे जाववत नाही. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला वेधशाळा बांधली, आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय वेध घेण्यास आरंभ झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला, आणि पुढे टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात तेथेच नोकरीस होते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील एका प्रचंड उद्रेकानंतर जगभर चुंबकीय वादळ माजले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहून ठेवलेल्या आकड्यांत क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद सापडते. हे दप्तर जवळजवळ दीडशे वर्षे पडून होते. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने ते जगापुढे मांडले. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने वेध बिघडू नयेत म्हणून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत, १९०४ साली हे काम अलिबागला हलविण्यात आले. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेऊन, जुन्या नोंदींचा सांधा नव्या नोंदींशी जुळल्याची खात्री झाल्यावरच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविले गेले. ज्या वस्तूला रूप नाही, रंग नाही, स्पर्श नाही, तिची अशी इमानाने जपलेली नोंद माझ्या मते आपल्या विद्याव्यवहारातील फार मोठी मत्ता आहे.

१८५९ च्या त्या एका दिवसात कुलाब्याला जेवढे क्षेत्र कमी झाले, तेवढे अवघे क्षेत्रसुद्धा तारकाजननाच्या या मेघांत सहसा नसते. मग तेथील क्षीण क्षेत्राचे सामर्थ्य कशात आहे? त्याचे उत्तर मेघाच्या विरलतेत आहे. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरात अडीच कोटी कोटी लक्षांच्या आसपास रेणू असतात. तारकाजननाच्या मेघात तेवढ्याच जागेत ते शेकड्यांनी मोजावे लागतात. आपल्या प्रयोगशाळांत परिश्रमाने साधलेली उत्तम निर्वातताही बहुधा या मेघांपुढे दाट म्हणावी लागेल. त्यातच तेथील तपमान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस, म्हणजे रेणूंची धावपळही अगदी मंदावलेली. एका घन सेंटीमीटरात ३०० रेणू आणि एक नॅनोटेस्ला क्षेत्र असे प्रातिनिधिक आकडे घेऊन हिशेब केला, तर वायूच्या उष्णतेमुळे जो दाब निर्माण होतो त्याच्या सुमारे सातपट दाब एकट्या चुंबकीय क्षेत्राचा भरतो. पनवेलच्या हवेत ज्याची गणतीही होऊ नये, ते तेथे वायूपेक्षा वरचढ ठरते, कारण ज्याच्याशी त्याची बरोबरी लावायची तो वायूच तेथे नाहीसा म्हणण्याइतका विरळ आहे.

हे मेघ पाहायचे असतील, तर हिवाळ्यातील रात्रीचे आकाश उत्तम. मुंबईतील खगोल मंडळ ज्या वांगणीला आकाशदर्शनाचे कार्यक्रम करते, तशा एखाद्या काळोख्या जागी मृग नक्षत्र वर आले की, त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो; तो सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरील तेजोमेघ होय. परंतु तो उजळलेला भाग म्हणजे त्यामागे पसरलेल्या विस्तीर्ण, काळोख्या मेघाचा केवळ दर्शनी पदर आहे. आपल्याला याहून जवळचा, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरचा मेघ कृत्तिका आणि रोहिणी यांच्या परिसरात पसरलेला आहे. मात्र तो प्रकाश देत नाही, उलट मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतो, आणि म्हणून त्या ठिकाणी आकाशात तारे विरळ झाल्यासारखे भासतात. अशा सर्व मेघांत मिळून आपल्या आकाशगंगेत सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका रेणुरूप वायू आहे. गुरुत्वाकर्षणाला कोणताही अटकाव नसता, तर हा वायू वीस-तीस लक्ष वर्षांत कोसळून त्याचे तारे झाले असते, आणि दरवर्षी शेकडो सूर्य जन्मले असते. प्रत्यक्षात आकाशगंगेत वर्षाला साधारण दोन सूर्यांच्या वजनाइतकेच द्रव्य तारकारूप धारण करते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा हुकूम सुटला आहे, पण त्याची अंमलबजावणी कोणीतरी रोखून धरली आहे. मेघांतील वायूची खळबळ हे एक कारण. नवजात ताऱ्यांचे वारे आणि प्रारण हे दुसरे. आणि चुंबकीय क्षेत्र हे तिसरे. यांतील तिसऱ्याचा स्वभाव सर्वांत विलक्षण आहे.

स्वीडनचे हान्नेस आल्फ्व्हेन यांनी १९४२ च्या सुमारास दाखवून दिले की, जो वायू विद्युत्‌वाहक आहे त्यात चुंबकीय बलरेषा जणू गोठून बसतात; वायू हलला की त्याही हलतात, वायू आकुंचन पावला की त्याही जवळ येतात, आणि दाटल्या की प्रतिकार करतात. या विचारासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता यातून पुढे जे निष्पन्न होते ते वाचकाने जरा थांबून पाहावे, कारण सगळ्या विषयाचे मर्म तेथे आहे. मेघ आकसला म्हणजे त्याचे गुरुत्वाकर्षण वाढते, हे खरे. परंतु बलरेषा गोठलेल्या असल्याने चुंबकीय प्रतिकारही त्याच प्रमाणात वाढतो. कितीही आकसले तरी या दोन्ही बाजूंतील गुणोत्तर बदलत नाही! याचा अर्थ असा की, एखाद्या मेघात बलरेषांच्या मानाने वस्तुमान कमी पडत असेल, तर बाहेरून कितीही दाबले तरी तो कधीही कोसळणार नाही; आणि वस्तुमान एका ठराविक मर्यादेपलीकडे असेल, तर चुंबकत्व त्याला विलंब लावील, पण थांबवू शकणार नाही. मेघाचा निकाल त्याचा आकार वा घनता पाहून नव्हे, तर वस्तुमान आणि बलरेषांची संख्या यांच्या गुणोत्तरावरून लागतो.

मग ज्या मेघात बलरेषा वरचढ आहेत, तेथे तारे जन्मतच नाहीत काय? १९५६ मध्ये लिओन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी यातून वाट दाखविली. मेघातील वायू जवळजवळ सगळा विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतो. बाहेरून घुसणारे विश्वकिरण तेथे जे थोडेसे आयन निर्माण करतात ते दाट गाभ्यात दर कोटी रेणूंमागे एक, इतके तुरळक. चुंबकीय क्षेत्राची पकड खरोखर या आयनांवरच आहे; उदासीन रेणूंना ती जाणवते ती केवळ आयनांशी होणाऱ्या टकरींमधून. पण आयन इतके विरळ असल्यामुळे रेणू अधूनमधून त्यांच्यामधून निसटतात, गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने आत सरकतात, आणि बलरेषा मागे राहतात. अशा संथ गळतीने गाभ्यातील वस्तुमान लक्षावधी वर्षांत हळूहळू वाढत जाते, एके दिवशी मर्यादा ओलांडते, आणि मगच कोसळणे सुरू होते. ही गळती नसती तर दुसरीही आपत्ती ओढवली असती: मेघातील सर्व बलरेषा ताऱ्यात जशाच्या तशा उतरल्या असत्या, तर नवजात ताऱ्याचे क्षेत्र आज तरुण ताऱ्यांवर जे प्रत्यक्ष मोजले जाते त्याच्या हजारो पटींनी प्रबळ झाले असते.

ताऱ्याच्या भ्रमणाविषयीही असाच प्रश्न आहे. मेघ अगदी सावकाश फिरत असतो, पण तो आकसत गेला की त्याचा वेग वाढत जातो, आणि कोठेतरी ही गती विसर्जित झाली नाही, तर तारा घडण्यापूर्वीच द्रव्य चहूकडे फेकले जाईल. येथे बलरेषा उपयोगी पडतात: गाभ्याला बाहेरच्या विस्तीर्ण वायूशी त्या जोडून ठेवतात, आणि फिरण्याचा पीळ त्यांच्यावाटे बाहेर निघून जातो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकावर जी गणिते झाली, त्यांत हा पीळ इतका संपूर्ण निघून जाई की ताऱ्याभोवती चकती उरतच नसे. आणि चकती नाही तर ग्रह नाहीत, म्हणजे पृथ्वी नाही. वर सांगितलेली गळती हिशेबात धरली तेव्हा चकत्या टिकू लागल्या. ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिचे अस्तित्व बलरेषांच्या या अपुऱ्या पकडीवर अवलंबून होते, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

इतके सारे ज्या क्षेत्रावर अवलंबून आहे, ते शेकडो प्रकाशवर्षांवरून मोजायचे कसे? अलिबागला यंत्राशेजारी बसता येते; मेघात यंत्र नेता येत नाही. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठातील सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी असे भाकीत केले की, अतितप्त ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एका ठराविक दिशेने कंप पावणारा, असावा. ते पडताळून पाहण्यासाठी विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल या अमेरिकी ज्योतिर्विदांनी वेध घेतले, आणि १९४९ मध्ये त्यांना जे ध्रुवण आढळले ते ताऱ्यांचे मुळीच नव्हते. ते ताऱ्यांच्या आणि आपल्या दरम्यान पसरलेल्या धुळीचे होते. मेघातील हे धूलिकण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे आणि लांबट असतात. ते गरगर फिरत असतात, आणि क्षेत्राच्या प्रभावाने त्यांची लांब बाजू बलरेषांना आडवी येते. परिणामी आडव्या दिशेने कंपणारा प्रकाश अधिक शोषला जातो, आणि आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात बलरेषांच्या दिशेचे कंपन थोडे वरचढ राहते. फरक शेकडा एक-दोन, फार तर काही टक्क्यांचा. पण अनेक ताऱ्यांचा असा वेध घेऊन प्रत्येकाच्या जागी त्याच्या ध्रुवणाची छोटी रेघ ओढली, की अदृश्य बलरेषांचा आराखडा नकाशावर उमटतो.

ही रेघ दिशा सांगते. मान सांगत नाही. १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी त्यावर तोडगा काढला. गच्चीवर कपडे वाळत घालण्याची दोरी ताणून बांधलेली असेल तर वाऱ्याने ती थोडीच हलते, सैल असेल तर हेलकावे खाते. वाऱ्याचा वेग ठाऊक असेल, तर हेलकाव्यावरून ताण किती ते सांगता येईल. मेघातील वायूच्या खळबळीचा वेग वर्णपटावरून कळतो, धुळीच्या रेघा एकमेकींपासून किती विचलित आहेत ते नकाशावरून कळते, आणि घनतेचा अंदाज असला की या तिहींवरून बलरेषांचा ताण, म्हणजे क्षेत्राचे मान, निघते. त्यांना आकाशगंगेच्या भुजेसाठी सुमारे ०.७ नॅनोटेस्ला हे उत्तर मिळाले, आणि आजच्या मोजमापांपुढेही ते फारसे चुकलेले दिसत नाही. आपल्या महाराष्ट्रातही याच पद्धतीची यंत्रे घडली. जयंत नारळीकर ज्या आयुकाचे संस्थापक संचालक होते, त्या पुण्याच्या संस्थेत बनविलेले ध्रुवणमापक अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटरच्या दुर्बिणीला जोडून अशोक सेन, रंजन गुप्ता, ए. एन. रामप्रकाश आणि श्याम टंडन यांनी आठ लहान, काळ्या मेघांमागील ताऱ्यांचे ध्रुवण मोजले, आणि २००० साली ते प्रसिद्ध केले. ताऱ्याच्या प्रकाशातील एक-दोन टक्क्यांचा फरक हवेच्या, दुर्बिणीच्या आणि यंत्राच्या दोषांतून वेगळा काढावयाचा, म्हणजे यंत्रकर्त्याच्या हाताची कसोटीच.

मान थेट मोजण्याचा दुसरा मार्ग याहूनही कठीण आहे. हॉलंडच्या पीटर झीमन यांना १८९६ मध्ये आढळले की, चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा दुभंगते. हायड्रोजन अणूची जी रेडिओ रेषा २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर येते, जी आपल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्याही टप्प्यात आहे, तिचे कंपन सेकंदाला १४२ कोटी वेळा होते. एक नॅनोटेस्ला क्षेत्रात ती दुभंगली, तर दोन भागांत केवळ २८ कंपनांचे अंतर पडते, म्हणजे पाच कोटींत एक! आणि मेघातील खळबळीमुळे ती रेषा स्वतःच याच्या शेकडो पटींनी रुंद झालेली असते. तरीही १९६८ मध्ये गेरिट फेरशूर यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील दुर्बिणीने हे अंतर निश्चितपणे हेरले, आणि त्यानंतर रिचर्ड क्रचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके चिकाटीने ही मोजणी चालविली. त्यांच्या निष्कर्षानुसार विरळ वायूत क्षेत्र एक नॅनोटेस्लाच्या आसपासच राहते, आणि घनता एका घन सेंटीमीटरात सुमारे ३०० कणांपलीकडे गेली की ते वाढू लागते.

या सगळ्यातून चित्र स्पष्ट झाले असे मात्र नाही. युरोपच्या प्लांक या उपग्रहाने धुळीच्या स्वतःच्या ध्रुवित प्रारणावरून जवळच्या दहा मेघांचे नकाशे काढले. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत असे दिसले की विरळ भागात वायूचे धागे बलरेषांना समांतर पसरलेले असतात, तर दाट भागात ते बलरेषांना आडवे होतात. बलरेषांवरून घसरत वायू एकत्र जमतो आणि मग त्यांच्या काटकोनात दाट पट्टा तयार होतो, असे याचे स्पष्टीकरण बहुतेकांना पटते. क्षेत्र एवढे क्षुल्लक असते, तर वायूने त्याची अशी पर्वा केली नसती. उलट २०२२ च्या जानेवारीत चीनच्या ५०० मीटर व्यासाच्या ‘फास्ट’ दुर्बिणीने वृषभ राशीतील ‘एल १५४४’ या गाभ्याच्या बाह्य आवरणात केवळ ०.३८ नॅनोटेस्ला क्षेत्र मोजले. याच गाभ्याच्या दाट भागात पूर्वी १.१ नॅनोटेस्ला आढळले होते. बाहेरचे क्षेत्र इतके दुबळे, म्हणजे संथ गळतीची लक्षावधी वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच तो गाभा मर्यादेपलीकडे गेला असावा, असा तर्क त्या संशोधकांनी केला. मला हा तर्क बिनतोड वाटत नाही. कारण झीमनच्या पद्धतीने क्षेत्राचा आपल्या दृष्टिरेषेवरचाच भाग कळतो, आणि एका गाभ्यावरून सगळ्या मेघांचा न्याय करता येत नाही. परंतु जुनी कल्पना सर्वत्र जशीच्या तशी लागू पडते, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

ताऱ्यांच्या ध्रुवणाच्या नकाशात आणखी एक उणीव आहे: एका ताऱ्याच्या प्रकाशावर वाटेतील सर्व मेघांचे ठसे एकमेकांवर उमटतात, आणि कोणता ठसा कोणत्या मेघाचा ते सुटे करता येत नाही. आता गाया या उपग्रहाने १०० कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरे मोजलेली आहेत. त्यामुळे एकाच दिशेतील जवळच्या आणि दूरच्या ताऱ्यांचे ध्रुवण शेजारी ठेवून, दोहोंच्या दरम्यान काय भर पडली ते काढता येते, आणि बलरेषांचा आराखडा खोलीसह मांडता येतो. त्यासाठी लक्षावधी ताऱ्यांचे ध्रुवण एक-दशांश टक्क्याइतक्या अचूकतेने मोजण्याची ‘पॅसिफे’ या नावाची आंतरराष्ट्रीय योजना आखण्यात आली आहे, आणि तिची दोन्ही ध्रुवणमापके, एक क्रीट बेटावरील स्किनाकासच्या १.३ मीटर दुर्बिणीसाठी आणि दुसरे दक्षिण आफ्रिकेतील सदरलंडच्या एक मीटर दुर्बिणीसाठी, रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास आयुकाच्या प्रयोगशाळेत घडविण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.